यादीतलं नाव आणि तुझी पाच वर्षं

पत्र : ताई, सप्रेम नमस्कार. सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि यंदा सीएसआयआर-नेट परीक्षेत मला जेआरएफ ही संशोधनासाठीची फेलोशिप मिळाली. पीएच.डी.साठी दोन ठिकाणी निवड झाली आहे. एका अभिमत विद्यापीठातले सर ‘जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञां’च्या यादीत आहेत. त्यांच्या नावावर सहाशेच्या वर पेपर आहेत, गेल्या वर्षीच पन्नासेक आले. मुलाखतीच्या दिवशी ते दहा मिनिटं भेटले आणि ‘विषय नंतर ठरवू’ म्हणाले. दुसरीकडे एका सरकारी संशोधन संस्थेत एक मॅडम आहेत. त्यांना रुजू होऊन चारच वर्षं झाली आहेत, त्या कोणत्याही यादीत नाहीत. त्यांनी मात्र दीड तास बसवून माझ्या प्रोजेक्टमधल्या एकेका रिअॅक्शनबद्दल विचारलं. बाबा म्हणतात, जगात नाव असलेल्या माणसाकडे जा, पुढे परदेशात पोस्टडॉकसाठी (पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी) तेच उपयोगी पडेल. त्या सरांच्या बातमीचं कात्रण त्यांनी कपाटात जपून ठेवलंय. या जागतिक याद्यांवर किती भरवसा ठेवावा? आणि बाबांना काय सांगू?
— गोंधळलेली, जि. सांगली

प्रिय मुली,

आधी जेआरएफबद्दल मनापासून अभिनंदन. त्या परीक्षेमागे किती रात्री जातात, हे मला ठाऊक आहे. एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेव : तुझी फेलोशिप तुझ्या नावावर आहे. महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) झाल्यावर ४२,०००. म्हणजे तू ज्या गटात जाशील, तिथे स्वतःच्या पगाराची सोय करून जाणार आहेस. कुणी ‘आमच्याकडे घेतोय हेच खूप’ अशा सुरात बोललं, तर दबून जाऊ नकोस. निवड तुझीही आहे.

आता यादीकडे येऊ. दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या वर्तमानपत्रांत ‘स्टॅनफर्डच्या यादीत अमुक महाविद्यालयाचे प्राध्यापक’ अशा बातम्या येतात. हा स्टॅनफर्ड विद्यापीठाने दिलेला पुरस्कार नाही. तिथले प्राध्यापक जॉन इओनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ पासून चालवलेली ती आकडेवारी आहे. मूळ माहिती एल्सव्हियर कंपनीच्या स्कोपस या पेपरांच्या नोंदींच्या साठ्यातली. यादीत दोन लाखांहून जास्त नावं असतात. तिचे दोन भाग असतात, एक सगळ्या कारकिर्दीचा आणि दुसरा फक्त एका वर्षाचा. बातमीत मात्र यातला कोणता भाग, हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. बाबांचं कात्रण काढ आणि आधी तेवढं बघ. एका वर्षाच्या यादीत येणं आणि तीस वर्षांच्या कामावर येणं यात पुष्कळ अंतर आहे.

यादी बनवणाऱ्यांनी काम मन लावून केलंय, हेही सांगायला हवं. नुसती सायटेशन, म्हणजे दुसऱ्या पेपरांत आलेले उल्लेख, मोजून ते थांबत नाहीत. पेपरवर किती जणांची नावं आहेत, त्या माणसाचं नाव पहिलं आहे की शेवटचं, स्वतःच स्वतःला किती वेळा उद्धृत केलंय, हे सगळं त्यात वेगळं काढता येतं. ती फाइल कुणालाही उतरवून घेता येते. सरांच्या नावाची ओळ शोध आणि स्वतःची सायटेशन वगळल्यावर त्यांचा क्रमांक किती खाली जातो ते पाहा. थोडा सगळ्यांचाच खाली जातो. फार घसरला, तर विचार करण्यासारखं आहे.

एच-इंडेक्स तू नुसता ऐकला असशील, तो मोजून बघ. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ मध्ये मांडला. समजा, एकीचे पाच पेपर आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, १२, ५, ४ आणि १ सायटेशन आहेत. किमान चार सायटेशन असलेले पेपर चार, म्हणून तिचा एच-इंडेक्स ४. दुसरीचेही पाचच पेपर, सायटेशन ४०००, १२००, ४, ४ आणि १. तिचाही ४. पहिल्या पेपरने अख्खी शाखा हलवली असली तरी हा आकडा ढिम्म राहतो. शिवाय तो कधी कमी होत नाही. माणूस निवृत्त झाला, प्रयोगशाळेला कुलूप लागलं, तरी तो चढतच असतो. वीस वर्षांपूर्वीच्या कामाची सायटेशन आज मिळत राहतात, त्यामुळे आजच्या प्रयोगशाळेत काय चाललंय ते त्यातून समजत नाही. आणि तुला नेमकं तेच समजायला हवंय.

रसायनशास्त्राच्या आतही सगळ्या शाखांचा वेग सारखा नाही. नॅनोमटेरियल, बॅटरी, फोटोकॅटॅलिसिस या विषयांत जगभर हजारो गट आहेत, ते एकमेकांना भराभर उद्धृत करतात. टोटल सिंथेसिस, म्हणजे गुंतागुंतीचा रेणू साध्या रसायनांपासून पायरीपायरीने बांधणं, हा हळू चालणारा उद्योग आहे. बी-१२ जीवनसत्त्वाचं सिंथेसिस वुडवर्ड आणि एशेनमोजर या रसायनशास्त्रज्ञांच्या गटांनी केलं. त्यात शंभरच्या आसपास संशोधक होते आणि दहा वर्षांहून जास्त काळ गेला. वुडवर्ड यांच्या आयुष्यभराच्या पेपरांची संख्या दोनशेच्या घरात आहे. आज अनेक याद्यांमध्ये त्यांच्या तिप्पट पेपर असलेली माणसं आहेत, आणि त्यातल्या कुणालाही वुडवर्डच्या शेजारी बसवायची माझी तयारी नाही.

सहाशे पेपरांबद्दल तुला स्पष्ट सांगते. वर्षाला पन्नास म्हणजे आठवड्याला एक. मोठा गट, बरेच सहयोगी, वेगवेगळ्या देशांतले प्रकल्प असतील तर हे शक्य आहे, आणि त्यात काही गैर असेलच असं नाही. पण आठवड्याला एक पेपर लिहून, तपासून, परीक्षकांना उत्तरं देणाऱ्या माणसाकडे तुझी बिघडलेली रिअॅक्शन घेऊन बसायला वेळ कुठून येणार? मोठ्या गटात हे काम सहसा पोस्टडॉक आणि वरच्या वर्षांतली मुलं करतात. ती चांगली असली तर तू छान शिकशील. म्हणून सरांइतकंच त्यांना भेटणं महत्त्वाचं आहे.

आकड्यांवर मान, पद आणि पैसा ठरू लागला की काय होतं, त्याची दोन उदाहरणं आपल्याच विषयातली आणि अवतीभवतीची आहेत. जगातल्या विद्यापीठांच्या शांघाय क्रमवारीत विद्यापीठाच्या गुणांपैकी २० टक्के हे तिथे ‘सर्वाधिक उद्धृत’ यादीतले किती संशोधक आहेत त्यावर मिळतात. २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकाने छापलं, की जेद्दाहचं किंग अब्दुलअझीझ विद्यापीठ परदेशातल्या अशा संशोधकांना पैसे देऊन करारबद्ध करत होतं. वर्षातले एक-दोन आठवडे हजेरी लावायची आणि यादीत आपल्या नावापुढे त्या विद्यापीठाचंही नाव लावायचं. दुसरं उदाहरण स्पेनचं. कॉर्दोबा विद्यापीठातले राफाएल लुके हे हरित रसायनशास्त्रातले जगात सर्वाधिक उद्धृत होणाऱ्यांपैकी एक. पूर्णवेळ नोकरी कॉर्दोबात असताना ते पेपरांवर रियाधच्या आणि मॉस्कोच्या विद्यापीठांची नावंही लावत होते, म्हणून विद्यापीठाने त्यांना १३ वर्षांसाठी बिनपगारी निलंबित केलं. २०२३ मध्ये ही गोष्ट जगभर गाजली. त्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांचा सरासरी दर ३७ तासांनी एक पेपर येत होता.

तुझे सर असे आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांना मी ओळखतही नाही. यादीतला क्रमांक बघून या दोन्ही गोष्टींचा वास आला नसता, एवढंच दाखवायचं होतं.

आता मला फार जवळची वाटणारी एक गोष्ट सांगते. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना विभागून मिळालं : क्योतोचे सुसुमू कितागावा, मेलबर्नचे रिचर्ड रॉबसन आणि बर्कलेचे ओमर यागी. काम एकच, धातूंचे आयन आणि सेंद्रिय रेणू जोडून पोकळ जाळ्या बांधायचं. यागी सायटेशनच्या याद्यांमध्ये गेली कित्येक वर्षं अगदी वरच्या रांगेत आहेत, आणि तो मान त्यांनी कमावलेला आहे. यादी इथे बरोबर होती. पण या जाळ्यांची पहिली कल्पना सुचली ती रॉबसन यांना, १९७४ मध्ये, आणि तीही शिकवण्याच्या कामात. विद्यार्थ्यांसाठी रेणूंची मॉडेलं करायची होती. लाकडी गोळ्यांना भोकं पाडून घ्यायला ते विद्यापीठाच्या वर्कशॉपकडे द्यायचे होते, म्हणून कोणत्या गोळ्याला कुठे भोक पाडायचं याच्या खुणा रॉबसन करत बसले. कार्बनला चार भोकं, ठरलेल्या कोनांत. मॉडेलं जोडताना त्यांना जाणवलं, की भोकं योग्य जागी असली की रचना आपोआपच योग्य होते. मग गोळ्यांच्या जागी खरे आयन आणि काड्यांच्या जागी खरे रेणू घेतले तर? ही कल्पना त्यांनी दहाहून अधिक वर्षं डोक्यात घोळवली. मग तांब्याचे आयन आणि चार हातांचा एक नायट्राइल रेणू घेऊन हिऱ्यासारखी रचना असलेला स्फटिक केला आणि १९८९ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

या पंधरा वर्षांतल्या कोणत्याही वर्षी ‘यंदाचे अव्वल’ अशी यादी निघाली असती, तर ती कल्पना तिला कशी दिसणार होती? लाकडी गोळ्यावरच्या खुणेला सायटेशन मिळत नाही. १९८० च्या आसपास मेलबर्नला एखादी मुलगी पीएच.डी.साठी गाईड शोधत असती आणि तिने नुसते आकडे पाहिले असते, तर पुढे अख्खी नवी शाखा होऊ घातलेल्या विचाराच्या शेजारून ती निघून गेली असती. तुझ्या मॅडम पुढच्या रॉबसन आहेत असा याचा अर्थ नाही. चार वर्षांच्या प्रयोगशाळेबद्दल यादी काहीही सांगू शकत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

संस्थांच्या क्रमवाऱ्यांचं थोडक्यात सांगते. क्यूएस ही जागतिक क्रमवारी रसायनशास्त्राची वेगळी विषयवार यादी काढते, पण तिच्यात प्राध्यापकांचं आणि नोकरी देणाऱ्यांचं मत बरंच वजन खातं. नेचर इंडेक्स निवडक नियतकालिकांतले पेपर मोजतो आणि लेखकांच्या संस्थांत त्यांची वाटणी करतो. तिथे रसायनशास्त्रात चिनी संस्था वर आहेत आणि त्यांचं काम खरोखर जोरात आहे. पण चायनीज अकॅडमी ऑफ सायन्सेस हे एकच नाव म्हणजे शंभराहून जास्त संस्थांचा मिळून एक आकडा. सीएसआयआरच्या ३७ प्रयोगशाळा एकत्र मांडाव्यात तसं ते आहे. मग एका विद्यापीठाशी त्याची तुलना कशी करणार? आपल्या एनआयआरएफमध्ये (केंद्र सरकारच्या क्रमवारीत) रसायनशास्त्राची वेगळी यादीच नाही. तिथला क्रमांक अख्ख्या संस्थेचा असतो, त्यात अध्यापन, पदवीधरांची संख्या, समावेशकता असं बरंच काही मिसळलेलं असतं. तुझ्या प्रयोगशाळेच्या दारापर्यंत तो पोचत नाही.

एके ठिकाणी मात्र क्रमांकाशी भांडू नकोस. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांत विद्यापीठाचा जागतिक क्रमांक ठरावीक मर्यादेत असावा लागतो. ब्रिटनने २०२२ मध्ये आणलेला ‘हाय पोटेन्शियल’ व्हिसाही क्रमवाऱ्यांवरूनच पात्र विद्यापीठं ठरवतो. तो नियम आहे, तो पाळायचा. तुझ्या बाबतीत पुढे पोस्टडॉकसाठी असा काही नियम लागू होतो का, ते त्या वेळची जाहिरात वाचून बघ.

आता कामाचं. पुढच्या आठ-दहा दिवसांत हे कर.

दोघांचेही गेल्या तीन वर्षांतले चार-चार पेपर काढ आणि प्रत्येकासोबतची सपोर्टिंग इन्फर्मेशनची (प्रयोगांच्या तपशिलाची) पीडीएफ उघड. ती सहसा फुकट मिळते. पेपर सजवलेला असतो, प्रयोगशाळा दिसते ती या फाइलमध्ये. एनएमआरचे, म्हणजे रेणूची रचना ओळखायच्या तपासणीचे, आलेख मोठे करून बघ. क्लोरोफॉर्मचा पीक ७.२६ ला दिसतोय का? १.५६ च्या आसपास पाण्याचा आहे का? कॉलम करून नीट न सुकवलेल्या नमुन्यात २.०५ आणि ४.१२ ला इथाइल अॅसिटेट डोकावतं, ते कुठे तरी दिसतंय का? तूही एम.एस्सी.त ते बघून वैतागली असशील. असा थोडा मळ दिसला तर मला बरं वाटतं, कारण हाताने केलेल्या कामाचे आलेख असेच असतात. बेसलाइन सगळीकडे पुसल्यासारखी सपाट असेल, वीसच्या वीस संयुगांची यील्ड (हाती आलेलं उत्पादन) ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर थांब आणि एखाद्या जाणकाराला दाखव. एखाद्या कोष्टकात ‘३८ टक्के’ किंवा ‘रिअॅक्शन झाली नाही’ असं लिहिलेलं आढळलं, तर त्या गटाबद्दलचा माझा आदर वाढतो. फ्रान्सेस अर्नोल्ड यांनी २०१८ चं नोबेल मिळाल्यानंतर स्वतःच्या गटाचा एक पेपर, निकाल पुन्हा मिळत नाहीत म्हणून, जाहीरपणे मागे घेतला होता. मोठेपण मला तिथे दिसतं.

मग पेपरांवरची पहिली नावं बघ. पहिलं नाव सहसा हातांनी काम करणाऱ्याचं असतं. तीच दोन नावं सगळीकडे आहेत, की वेगवेगळ्या विद्यार्थ्यांना पाळी मिळालीय? सरांकडच्या जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर मिळतात. दोन-तीन उतरवून घे. नोंदणी कधी, पदवी कधी, हे अनेकदा तिथेच लिहिलेलं असतं. पाच वर्षांत होतंय की सात-आठ लागतात? ऋणनिर्देशाचं पान जरूर वाच. रोजच्या कामात कुणाचा आधार होता, ते मुलं तिथे मोकळेपणाने लिहितात. आणि पीएच.डी. झाल्यावर ती मुलं कुठे गेली, त्याचा माग काढ. कंपनीत, महाविद्यालयात, पोस्टडॉकला कुठेही असोत, पण रसायनशास्त्रात टिकली आहेत का, हे मी बघते.

शेवटी दोन्ही ठिकाणच्या मुलामुलींशी बोल, गाईड समोर नसताना. आठवड्यातून किती वेळा गाईडशी कामाबद्दल बोलणं होतं, एनएमआरला नमुना दिल्यावर किती दिवसांनी निकाल येतो, सॉल्व्हंट संपलं तर कोण मागवतं, गेल्या दोन वर्षांत कुणी मध्येच सोडून गेलं का आणि का, पेपर झाल्याशिवाय प्रबंध देऊ देत नाहीत का. यूजीसीने २०२२ च्या नियमांत पेपरची सक्ती काढली आहे, पण संस्था आपले नियम ठेवू शकते, म्हणून विचारलेलं बरं. रात्री उशिरापर्यंत थांबावं लागलं तर वसतिगृहापर्यंत कसं जातात, हेही विचार. मुलींना विचार. कुणी भेटू देत नसेल, बोलताना मुलं इकडेतिकडे बघत असतील, तर तेही एक उत्तरच आहे.

मॅडमकडे जाण्यातही जोखीम आहे. नवीन गट म्हणजे तुझ्याआधी शिकवून ठेवणारं कुणी नाही, पहिलं वर्ष उपकरणं लावण्यात जाऊ शकतं. त्यांना चालू अनुदान किती वर्षांचं आहे, त्यांची नोकरी कायम झाली आहे का, एनएमआर आणि मास स्पेक्ट्रोमीटर संस्थेत आहेत की बाहेर पाठवावं लागतं, हे त्यांनाच सरळ विचार. दीड तास तुझ्या रिअॅक्शनबद्दल बोलणारी व्यक्ती या प्रश्नांचा राग धरणार नाही. ही उत्तरं बरी आली, तर माझं मत मॅडमच्या बाजूचं आहे, आणि ते मी हातचं राखून देत नाही. ‘विषय नंतर ठरवू’ हे वाक्य पीएच.डी.च्या उंबरठ्यावर मला आवडलं नाही. पण सरांच्या गटातल्या मुलांनी तुला समाधानकारक सांगितलं, विषयही ठरला, तर तिथे जायलाही माझी हरकत नाही.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. पुढे ओळख लागते, हे त्यांना बरोबर कळलंय. फक्त ती कशी लागते, ते त्यांना सांग. पोस्टडॉकसाठी तू अर्ज करशील तेव्हा तुझ्या गाईडकडून शिफारसपत्र मागवलं जाईल. ‘ही माझी विद्यार्थिनी, मेहनती आहे’ अशा तीन ओळी कितीही मोठ्या नावाने पाठवल्या, तरी वाचणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. ‘तिसऱ्या वर्षी आमचा अंदाज चुकला, तिने तो स्वतः शोधून काढला आणि मार्ग असा बदलला’ असं लिहिणारी व्यक्ती तुझं काम रोज बघणारीच असणार. मोठं नाव आणि रोजचं लक्ष दोन्ही एकाच ठिकाणी मिळालं तर उत्तमच. प्रबंध आणि आलेख बघायला बाबांना शेजारी बसव. त्यांना एनएमआर कळला नाही तरी नोंदणीची आणि पदवीची तारीख कळेल, ऋणनिर्देश तर कळेलच. ज्यांनी ते कात्रण जपून ठेवलंय, ते ही पानंही लक्षपूर्वक वाचतील.

दोन्ही ठिकाणी उत्तर द्यायची शेवटची तारीख आजच विचारून घे. ठरलं की नकार ज्यांना द्यायचाय, त्यांना त्याच दिवशी दोन ओळींची मेल कर, आभार मानून. त्या जागेसाठी प्रतीक्षायादीत तुझ्यासारखीच कुणी तरी थांबलेली असते.

तुझी,
ताई